एका रात्रीपुरता ताईत

सिंगबुरी, ९ जून, बुद्धवर्ष २५५२

सायुद आत्या,

हा पत्ता मला विहारातल्या थोरल्या भंतेंनी दिला. त्रांगमधल्या एका शिवणकामाच्या दुकानाचा आहे. चुकून दुसऱ्याच कुणी पाकीट उघडलं असेल तर त्यांनी कृपया इथेच थांबावं आणि पत्र परत पाठवावं. पुढचा मजकूर घरगुती आहे.

तुम्हीच वाचत असाल तर, मी नुआन. तुमच्या भावाची, विचियानची मुलगी. तुम्ही घर सोडलंत तेव्हा मी रांगत होते म्हणे.

आजोबा गेले. गेल्या महिन्यात, घरीच, झोपेत. घरात बाकी सगळे बरे आहेत. शव विहारात ठेवलं आहे. दहन शंभर दिवस झाल्यावर, ऑगस्टच्या शेवटी.

दहनाला येणाऱ्यांना वाटायचं स्मरणपुस्तक लिहायचं काम माझ्याकडे आलं. शाळेत जायच्या आधी मला अक्षरं आजोबांनी शिकवली, सुपातल्या तांदळावर बोट धरून. "अक्षर तू काढलंस, तर त्याला जबाबदारही तूच," असं म्हणायचे. त्यामुळे ‘सैनिक सावेंग यांचा जीवनवृत्तांत’ दुसऱ्या कुणी लिहावा असं कुणाच्या मनातही आलं नाही.

पहिल्याच पानावर मी अडले आहे. तिथे मुलांची नावं येतात, वयाच्या क्रमाने. आजी म्हणते, एकच नाव लिही, विचियान. पण आजोबांना दोन मुलं होती. गल्लीतल्या सगळ्यांना ते ठाऊक आहे आणि गल्लीतले सगळेच पुस्तक नेणार आहेत.

म्हणून तुम्हाला सरळ विचारते. वाईट वाटून घेऊ नका, किंवा घ्या, पण उत्तर द्या. आमच्या घरात सांगतात की आजोबा झोपले असताना तुम्ही त्यांच्या गळ्यातला बुद्धाचा ताईत काढलात आणि पहाटेच्या बसने पळालात. तो ताईत त्यांना त्यांच्या आईने दिला होता आणि लाओसच्या लढाईत त्यानेच त्यांचा जीव वाचवला. तुम्ही तो चोरलात का?

आणखी एक. आजोबा गेल्यावर त्यांच्या हातावर पाणी घालायचा विधी झाला, तेव्हा रांगेत एक अनोळखी म्हातारा होता. ईशान्येकडच्या इसान भागातला असावा, बोलण्यावरून. सगळे पाणी घालताना म्हणत होते, चुकलंमाकलं माफ करा. हा म्हणाला, "माफ केलं तुला, सावेंग. जा आता."

मी शेजारी तांब्या धरून उभी होते. माझे कान चांगले आहेत. आजोबांना माफ करणारा हा कोण?

नुआन


सिंगबुरी, ३० जून

सायुद आत्या,

तुमचं कार्ड मिळालं. दोनच ओळी. "माझं नाव घालू नकोस. त्यांच्याविषयी वाईट काही लिहू नकोस."

पहिली ओळ मला समजते. दुसरीने माझी झोप उडवली. मी तुमच्याबद्दल विचारलं होतं. ज्याच्यावर चोरीचा आळ आहे तो माणूस एक तर "केली" म्हणतो, नाही तर "केली नाही" म्हणतो. तुम्ही दोन्ही म्हटलं नाहीत, उलट ज्यांची वस्तू गेली त्यांचीच बाजू सांभाळून घेतलीत. आजोबांच्या आयुष्यात लिहू नये असं काय होतं?

मागच्या पत्रात "घरात सगळे बरे आहेत" असं लिहिलं, ते खरं नव्हतं. आजी धड जेवत नाही. शिवाय मी तुम्हाला लिहिते हे इथे कुणाला माहीत नाही. पत्रं मी आंगथोंगला जाऊन टाकते. आमच्या पोस्टातली बाई आजीची मैत्रीण आहे.

आता फोटोबद्दल. मुखपृष्ठासाठी मी भिंतीवरची तसबीर उतरवली. तुम्हाला आठवत असेल ती. डोंगरावर दोन उघडेबंब तरुण, हातात जेवणाचे डबे. डावीकडचे आजोबा, आणि उजवीकडच्याबद्दल विचारलं की ते "होता एक दोस्त" एवढंच म्हणायचे. मी आयुष्यभर त्या तसबिरीखाली बसून जेवले आणि परवा पहिल्यांदा नीट पाहिलं. ताईत दोस्ताच्या गळ्यात आहे. आजोबांचा गळा मोकळा आहे.

रात्री जेवताना विचारलं.

"आजी, फोटोत ताईत त्या दुसऱ्याच्या गळ्यात कसा?"

"तेव्हा सगळ्यांच्याच गळ्यात असायचे. बाजारात मिरच्या मिळतात तसे ताईत मिळायचे."

"मग आजोबांच्या गळ्यात का नाही?"

"अंघोळीला काढला असेल. मासा घे."

"हातात जेवणाचा डबा आहे, आजी. अंघोळ आणि जेवण एकदम?"

बाबा हसले. "हिला पोलिसात भरती करा रे. निदान पगार तरी मिळेल." मग आमटी ओरपता ओरपता म्हणाले, "जास्त उकरू नकोस. ती त्रांगवाली उद्या उगवली ना, तर पुस्तकात नाव मागेल आणि घरात हिस्साही मागेल."

आत्या, तुम्ही त्रांगला असता हे मी घरात एका शब्दाने बोललेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भंतेंकडे गेले. विचारलं, पत्ता आणखी कुणाकुणाला दिलाय? म्हणाले, "पोरी, तू भिक्षूची उलटतपासणी घेतेस?" मी म्हटलं, हो. त्यावर त्यांनी चहा मागवला आणि उत्तर द्यायचं टाळलं. पण दुसरी एक गोष्ट त्यांच्याकडून काढली. त्या म्हाताऱ्याने जाताना आजोबांच्या नावाबरोबर आणखी एका नावाने पुण्य अर्पण करायला सांगितलं होतं. खामसेन. आणि आपलं गाव सांगितलं होतं, यसोथोनजवळचं.

मी शनिवारी जाते आहे. घरी सांगितलंय की छापखान्याचं काम आहे. खोटं बोलायची सवय लागेल की काय, याची भीती वाटते.

नुआन


यसोथोन, ५ जुलै

सायुद आत्या,

हे बसथांब्यावरच्या बाकावर लिहिते आहे. बसला अजून वेळ आहे आणि आता लिहिलं नाही, तर घरी पोचेपर्यंत मी शब्द बदलेन.

म्हाताऱ्यांचं नाव थोंगमी. तुम्हाला ते माहीतच असणार. अंगणात बसून चिकट भात ठेवायच्या टोपल्या विणत होते. मी ओळख सांगायच्या आधीच म्हणाले, "आलीस? पाणी घालताना सगळे रडत होते, तू एकटी माझ्याकडे टक लावून बघत होतीस. तेव्हाच बायकोला म्हटलं, ही पोरगी येणार."

आतून त्यांची बायको ओरडली, "असं काही म्हटलं नव्हतं! म्हणाले होते, तिथल्या लोकांनी मासा फार खारट केलाय."

मग त्यांनी सांगितलं. खामसेन त्यांचा थोरला भाऊ, म्हणजे तसबिरीतला तो दोस्त. आजोबा आणि तो लाओसच्या डोंगरावर एकाच ठाण्यात होते. ती लढाई गुप्त होती, कुणी खऱ्या नावाने राहत नसे, म्हणून सगळ्यांना ठेवलेली नावं होती. एका संध्याकाळी आजोबांची पाळी खालच्या ओढ्याच्या वाटेवर पहाऱ्याला जायची होती. आदल्या दिवशी तिथे दोघे मेले होते. आजोबा थरथरत होते. खामसेनने आपल्या गळ्यातला ताईत काढला आणि त्यांच्या गळ्यात घातला. "एका रात्रीपुरता. सकाळी परत दे, नाहीतर आई मला मारेल." ओढ्यावर त्या रात्री काहीच झालं नाही. तोफगोळे वर ठाण्यावर पडले. सकाळी आजोबा ताईत परत द्यायला वर आले, तेव्हा घ्यायला कुणी नव्हतं.

म्हणजे तो ताईत पणजीने दिलेला नव्हता. आमच्या गल्लीत ज्याला ‘गोळी न लागणारा ताईत’ म्हणायचे, तो दुसऱ्याच्या आईचा होता.

मी विचारलं, "ताईत नव्हता म्हणून तुमचे भाऊ गेले असं तुम्हाला वाटतं?"

"तोफगोळा गळा बघून पडतो का, मला काय ठाऊक? तुझ्या आजोबाला मात्र खात्री होती. तेच त्याचं दुखणं."

मग तुमच्याबद्दल सांगितलं. अग्निबाणांच्या जत्रेच्या आधी एक तरुण मुलगी बसमधून उतरली आणि खामसेनची आई कुठे राहते म्हणून विचारत आली. आईच्या हातात ताईत ठेवला. आईने अंगठा फिरवून कोपऱ्यातला टवका शोधला आणि बराच वेळ तिथेच अंगठा ठेवून बसली. मग म्हणाली, "तो स्वतः का नाही आला?" तुम्ही म्हणालात, "बाबांचा पाय दुखतो." आई म्हणाली, "पाय बरा झाला की ये म्हणावं. ताईत माझ्या पोराने स्वतःच्या हाताने दिला होता, मला राग नाही. आणि तोंडात दात उरले नाहीत, चावणार तरी कशी?"

ती दर जत्रेला वाट बघायची. मरताना थोंगमींना सांगून गेली, तो आला नाही तर तूच जा आणि माफ केलं म्हणून सांग.

आत्या, तरीही मी संशय घेतला, हे तुम्हाला कळायला हवं. मी म्हटलं, कशावरून आजोबांनीच पाठवलं? तिने आधी चोरला असेल, मग मनाने खाल्लं असेल.

थोंगमी इतके हसले की हातातली विण सुटली. "अगं, चोर चोरीचा माल मालकाच्या आईला पोचवायला दोन बस बदलून येतो होय?" मग गंभीर झाले. "तिने निरोप आणला होता. बेडकाची वस्तू परत करतो, असा. माझ्या भावाला ठाण्यात बेडूक म्हणायचे, पाण्यात सारखा डुंबायचा म्हणून. हे नाव आणि त्या रात्रीची गोष्ट आम्हालाही तिच्या तोंडून पहिल्यांदा कळली. बापाने सांगितल्याशिवाय पोरीला कुठून कळणार?"

यावर माझ्याकडे प्रश्न उरला नाही. म्हणजे तुमच्याबद्दल उरला नाही.

आजोबांनी तुम्हाला पाठवलं, आणि तुम्हाला चोर म्हटलं गेलं तेव्हा ते गप्प बसले. मला अक्षराची जबाबदारी शिकवणारे आजोबा. तुम्ही मला सांगितलंत, वाईट लिहू नकोस. मग यातलं चांगलं कुठलं ते तुम्हीच सांगा.

बस आली.

नुआन


सिंगबुरी, १२ जुलै

सायुद आत्या,

तुमचं उत्तर नाही. कदाचित येणारही नाही. तरी झालेलं सगळं कळवते, कारण अर्धं कळवलं तर मीही घरातल्यांसारखीच झाले.

मी घरी आले तेव्हा आजी दहनासाठी चंदनाच्या पातळ पापुद्र्यांची फुलं वळत बसली होती, आणि बाबा टोपली पुढे धरून. मी चपलाही काढल्या नाहीत. विचारलं, "आजी, तुला केव्हापासून माहीत आहे?"

‘काय माहीत’ असं तिने विचारलंच नाही. फूल पुरं वळलं, दोऱ्याने बांधलं. "त्याच पावसाळ्यात कळलं. तो झोपेत बडबडला. मग जागा करून विचारलं, तर सगळं ओकला."

"मग आत्याला परत का नाही बोलावलंस?"

"मी भर गल्लीत उभी राहून ओरडले होते, नुआन. माझ्या पोटची चोर निघाली म्हणून. एकेका दाराशी जाऊन. तीन दिवसांनी ती परत आली, तेव्हा सगळे दारात उभे राहून बघत होते. ती घरात आली. मला काही बोलली नाही. बापाकडे बघत राहिली. तो भात चिवडत होता. मान वर केली नाही त्याने. मग ती उठली, पिशवी उचलली आणि गेली."

"म्हणून विचारते, नंतर का नाही बोलावलंस?"

"आईने लेकीची माफी मागायची? कुठे बघितलंस असं? लहानाने मोठ्याची मागावी. म्हटलं, येईल, पाया पडेल, मग मीच उचलून जवळ घेईन."

"तिचं काही चुकलं नव्हतं, तर ती पाया कशाला पडेल?"

"तेच तर," आजी म्हणाली, आणि पुढचं फूल घेतलं.

बाबांनाही विचारलं, त्रांग कसं माहीत? त्यांनी टोपलीत बघत सांगितलं की भंतेंनी पत्ता शोधून दिला होता, आणि घरी सांगू नका म्हणून बाबांनी भंतेंना बजावलं होतं. आजीने चमकून पाहिलं. "मलाही त्यांनीच दिला. मीही बजावलं होतं." मग आम्ही भंतेंना फोन केला. ते म्हणाले, सावेंगने सर्वांत आधी नेला होता, कितीतरी वर्षांपूर्वी. "एका घरातल्या चौघांनी वेगवेगळं येऊन तोच पत्ता नेला आणि प्रत्येकाने माझं तोंड बंद केलं. मी भिक्षू आहे की कुलूप?"

आजोबांकडे तुमचा पत्ता होता, आत्या. माझं बोट धरून अक्षरं काढून घेणाऱ्या माणसाने तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. हे मला त्या ताईतापेक्षा जड जातं. लिहिलं असतं तर तुम्ही मला सांगितलं असतं ना? की हेही तुम्ही झाकून ठेवाल?

मी रात्री बसून मजकूर लिहिला. पहिल्या पानावर दोन नावं आहेत. थोरली सायुद, धाकटा विचियान. आणि सहाव्या पानावर हे:

"लढाईत खामसेन या मित्राने एका रात्रीपुरता दिलेला ताईत सावेंग यांनी पुढे थोरली मुलगी सायुद हिच्या हाती मित्राच्या आईकडे परत पाठवला. ही गोष्ट त्यांनी घरी सांगितली नाही, आणि ताईत सायुदने चोरला असा समज झाला. तो समज खोटा आहे."

वाईट लिहू नकोस, असं तुम्ही म्हणालात. हे वाईट आहे का ते मला ठरवता येत नाही. खरं आहे, एवढं ठरवता येतं.

बाबांनी वाचलं. "एवढी वर्षं थोरला म्हणून मिरवलो, एका ओळीत धाकटा केलास. असू दे. पण ‘घरी सांगितली नाही’ हे काढ. मेलेल्या बापाच्या चितेशी बसून लोक हे वाचणार? दहनाच्या पुस्तकात कुणी असं लिहितं का?" आणि पेन घेऊन ते वाक्य खोडलं.

मी म्हटलं, ते वाक्य काढलं तर आत्यावर आळ कसा आला ते कुणाला कळणार नाही. मग पुस्तक तुम्हीच लिहा, बाबा. बाबांना उलटून बोलायची मला सवय नाही.

आजी म्हणाली, "मोठ्याने वाच. खोडलेलंही वाच."

मी वाचलं.

"राहू दे ते. आणि पुढे टाक, तिच्या आईने तिला चोर म्हटलं."

"आई!" बाबा म्हणाले.

मी म्हटलं, "आजी, हा जीवनवृत्तांत आजोबांचा आहे. त्यात तुझं कसं घालू?"

"मग माझं कधी छापणार?"

"तुझ्या वेळी."

"तोवर कोण थांबतंय," आजी म्हणाली.

तुमचं नाव मी तुमच्या इच्छेविरुद्ध घातलं आहे. छपाई ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आहे. त्याआधी पुन्हा नाही म्हणालात तर नाव काढेन. तुमचं नाव तुमचं आहे. सहावं पान मात्र काढणार नाही. ते नुसतं तुमचं नाही, थोंगमींच्या आईचंही आहे.

नुआन


सिंगबुरी, १६ ऑगस्ट

सायुद आत्या,

तुम्ही नाही म्हणाला नाहीत. मी शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबले आणि मग छापखान्याला होकार दिला.

हे पत्र लिहू नकोस असं आजीने मला बजावलं आहे. "तिला कळवायचं नाही. कळवलं तर ते माफी मागितल्यासारखं होईल." म्हणून हे पत्रही आंगथोंगहून टाकेन.

काल पुस्तकांचे गठ्ठे आले. ती दहनाच्या दिवशी वाटायची असतात. त्याआधी कुणी वाटत नाही. आजीने दोरी कापली, वरची दहा-बारा उचलली, काळा ब्लाउज घातला आणि मला म्हणाली, "छत्री घे."

पहिलं घर नूडलवाल्या समोरनबाईचं. ती दुकानात भांडी घासत होती. तुम्हाला ती आठवत असेल, तिचा आवाज तेव्हाही आजीच्या खालोखाल मोठा होता म्हणतात. आजीने तिच्या ओल्या हातात पुस्तक दिलं. "सहावं पान काढ. मोठ्याने वाच."

"अगं लमाई," ती आजीला म्हणाली, "गिऱ्हाइकं बसलीत."

"त्यांनाही ऐकू दे."

समोरनने हात पुसले, चष्मा शोधला, वाचायला लागली. ‘समज खोटा आहे’पाशी येऊन थांबली. आजीकडे पाहिलं. "मग तेव्हा तू माझ्या दारात उभी राहून ओरडलीस, ते?"

"खोटं ओरडले."

"कळल्यावर तरी सांगायचंस."

"सांगितलं नाही. आता सांगते. वाचून झालं? दे त्या गिऱ्हाइकाकडे."

गिऱ्हाईक कुठला तरी परगावचा ट्रकवाला होता. त्यानेही बिचाऱ्याने वाचलं.

मग सायकलवाल्याचं घर, मग दोघी बहिणींचं, मग निवृत्त मास्तरांचं. मास्तर म्हणाले, "आज्जीबाई, दहनाच्या आधी पुस्तक देणं बरं नव्हे, अपशकुन असतो." आजी म्हणाली, "तुमच्याच पायरीवर बसून मी पोरीला शिव्या दिल्या होत्या, तेव्हा शकुन बघितला होता का? वाचा." प्रत्येकाने विचारलं, आणि प्रत्येकाला तिने तेच सांगितलं. खोटं ओरडले. मी छत्री धरून मागे उभी होते. पहिल्यांदा मला शरम वाटली. नंतर काय वाटत होतं, ते नीट सांगता येत नाही.

काही जण तेव्हा होते, आता नाहीत. त्यांच्या मुलांना वाचायला लावलं. एकाने विचारलं, "कोण सायुद?" आजी त्याच्यावर खेकसली, "माझी थोरली."

संध्याकाळी तिचा आवाज पार बसला. बाबा आले, त्यांनी तिला घरी चल म्हटलं. ती चालायला लागली, पण गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्या हातातली पुस्तकं घेतली आणि पुढच्या दारात तेच म्हणाले, "सहावं पान. आईचा आवाज बसलाय, मी सांगतो."

तुम्ही दहनाला याल की नाही, मला माहीत नाही. विचारायचा अधिकार मला नाही आणि तुम्ही लगेच हो म्हणालात, तर मला त्याचाही संशय येईल. फक्त एवढं कळवते. निम्मी घरं झाली, उरलेली आम्ही उद्या करतो आहोत. बसथांब्यावरून आपल्या घरी यायला अजूनही गल्लीतूनच वाट आहे.

तुमची भाची,
नुआन